टोलचा तक्ता आणि सॉफ्टवेअरची परीक्षा

सॉफ्टवेअरच्या स्वयंचलित चाचणीत एक प्रोग्राम दुसऱ्याला माहिती पुरवतो, त्याचे उत्तर घेतो आणि ते अपेक्षित उत्तराशी ताडून पाहतो. ही माहिती आणि अपेक्षित उत्तरे चाचणीच्या कोडमध्ये न लिहिता बाहेरच्या फाइलमध्ये ठेवली, की ती डेटाचलित चाचणी होते. फाइल एक्सेलची, सीएसव्ही किंवा जेसन प्रकारची असते. तिच्यातली प्रत्येक ओळ म्हणजे एक स्वतंत्र चाचणी. कोड एकदाच लिहिला जातो आणि प्रत्येक ओळीसाठी तीच कृती पुन्हा करतो.

या पद्धतीची गरज कुठे पडते, हे मुंबई आणि नवी मुंबईला जोडणाऱ्या अटल सेतूच्या टोलवरून चांगले कळते. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या या २१.८ किलोमीटरच्या पुलावर नवी मुंबईतल्या उलव्यातली वाहने शिवाजीनगरच्या जोडरस्त्याने चढतात. सुरुवातीच्या दरांनुसार कारला पूर्ण अंतराचा एकेरी टोल २५० रुपये होता, तर मुंबईतल्या शिवडीपासून शिवाजीनगरपर्यंतच्या टप्प्याचा २०० रुपये. मिनीबस, ट्रक, अनेक आसांची अवजड वाहने यांचे दर वेगळे. परतीचा प्रवास आणि पास यांचे आणखी वेगळे. दुचाकी आणि रिक्षांना पुलावर मनाई आहे. त्यात २२ ऑगस्ट २०२५पासून विजेवरच्या कार आणि बसना टोलमाफी लागू झाली, पण विजेवरच्या मालवाहू वाहनांना नाही. असा हिशोब करणारा प्रोग्राम तपासायचा, तर चाचणीची फाइल साधारण अशी दिसेल:

वाहन, टप्पा, ऊर्जा, तारीख, अपेक्षित टोल
कार, शिवडी–शिवाजीनगर, पेट्रोल, २२-०८-२०२५, २००
कार, शिवडी–शिवाजीनगर, वीज, २१-०८-२०२५, २००
कार, शिवडी–शिवाजीनगर, वीज, २२-०८-२०२५, ०
मोटरसायकल, शिवडी–शिवाजीनगर, पेट्रोल, २२-०८-२०२५, प्रवेश नाही

मधल्या दोन ओळी मुद्दाम लागोपाठच्या तारखांच्या आहेत. प्रोग्रामच्या चुका बहुधा नियमाच्या सीमेवर दडतात, कारण ‘पासून’ आणि ‘नंतर’ यांतला फरक कोडमध्ये एका चिन्हाचा असतो. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या खारकोपर आणि बामणडोंगरीतल्या घरांच्या ऑनलाइन अर्जालाही हेच लागू होते. आर्थिक दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा सहा लाख असेल, तर ६,००,००० आणि ६,००,००१ अशा दोन्ही ओळी फाइलमध्ये हव्यातच.

एकच चाचणी वेगवेगळ्या मूल्यांनी चालवण्याची सोय आज बहुतेक चाचणी-साधनांत असते. जावामध्ये टेस्टएनजीचा डेटाप्रोव्हायडर आणि जेयुनिट ५ची सीएसव्ही वाचणारी सोय, पायथनमध्ये पायटेस्ट ही त्यांतली परिचित नावे. वेबसाइट तपासायची असेल तर सेलेनियम ब्राउझर चालवते आणि ओळीतली मूल्ये फॉर्मच्या रकान्यांत भरते. एक ओळ नापास झाली तरी पुढच्या ओळी चालल्या पाहिजेत, आणि अहवालात नापास ओळीचा क्रमांक आला पाहिजे. नाहीतर शेकडो ओळींत चूक शोधणे जिकिरीचे होते.

या पद्धतीचा खरा मोठा लाभ माणसांच्या बाजूचा आहे. टोलचे नियम ज्याला तोंडपाठ आहेत त्याला प्रोग्रामिंग येतेच असे नाही, पण तक्त्यात ओळ भरणे त्याला सहज जमते. अमेरिकी प्रोग्रामर वॉर्ड कनिंगहॅम यांनी २००२मध्ये तयार केलेल्या ‘फिट’ या साधनामागे हाच विचार होता: ज्यांच्यासाठी सॉफ्टवेअर बनते त्यांनीच उदाहरणांचे तक्ते लिहावेत.

मात्र ‘अपेक्षित टोल’ हा रकाना अधिकृत दरपत्रक पाहूनच भरला पाहिजे. घाईत अनेकदा प्रोग्राम चालवून त्याचीच उत्तरे तिथे चिकटवली जातात. मग सर्व ओळी उत्तीर्ण होतात, आणि सिद्ध एवढेच होते की प्रोग्राम कालच्यासारखाच वागतो. काल तो चुकत असेल तर ती चूकही आता ‘अपेक्षित’ ठरते. चाचणी नसण्यापेक्षा ही स्थिती वाईट, कारण तिच्यावर विश्वास ठेवला जातो.

फाइलही दगा देऊ शकते. एक्सेल अंकाच्या सुरुवातीचे शून्य गाळते, ०५-०८ ही तारीख संगणकाच्या सेटिंगनुसार ५ ऑगस्ट किंवा ८ मे समजते आणि पंधरापेक्षा जास्त अंकी संख्येतले पुढचे अंक शून्य करते. एक्सेल मानवी जनुकांच्या काही नावांचे तारखांत रूपांतर करत असे. अखेर २०२०मध्ये संशोधकांनी ती नावेच बदलल्याचे जाहीर केले. म्हणून असे रकाने आधीच ‘मजकूर’ प्रकारचे ठरवून घ्यावेत. मराठी मजकुराची फाइल यूटीएफ-८ संकेतनात जतन करावी, अन्यथा ‘उलवे’च्या जागी निरर्थक चिन्हे उमटू शकतात. युनिकोडमध्ये ‘ऱ’ दोन प्रकारे लिहिता येतो: एकसंध अक्षर म्हणून, किंवा ‘र’ला खाली नुक्ता जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणक त्यांना वेगळे मानू शकतो. नावे घेणाऱ्या फॉर्मच्या चाचणीत ‘कऱ्हाडे’ दोन्ही प्रकारे लिहिलेले असावे. खऱ्या नागरिकांची नावे, वाहन क्रमांक किंवा मोबाइल क्रमांक मात्र चाचणीच्या फाइलमध्ये नसावेत. तिथे कल्पित माहितीच वापरावी.

तक्त्यात नसलेली परिस्थिती ही पद्धत तपासत नाही, आणि हजारो वाहने एकाच वेळी आल्यावर प्रणाली तग धरेल का, याचेही उत्तर तिच्याकडे नाही. त्यासाठी भारचाचणी वेगळी करावी लागते. चाचणीची फाइल कोडसोबत त्याच भांडारात, आवृत्ती नोंदवून ठेवतात. दर बदलले की नव्या तारखेच्या ओळी वाढवायच्या आणि जुन्या तशाच ठेवायच्या, म्हणजे मागच्या तारखेच्या वादग्रस्त पावतीचा हिशोबही त्या दिवशीच्या दराने तपासता येतो.