कॅराव्हॅन पावसाळाभर उभी होती? मग काससाठी निघण्याआधी तिची पाण्याची टाकी धुवा

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की सारोळ्याजवळ नीरा नदीवरचा पूल लागतो. पूल ओलांडला की सातारा जिल्हा सुरू, आणि लगेच शिरवळ. पुढे खंबाटकी घाट. त्यामुळे चहा, नाश्ता, डिझेल आणि कॅराव्हॅन असेल तर पाणी, हे सगळं अनेक जण इथेच उरकून घेतात. पावसाळा सरता सरता कासच्या पठारावर फुलं येतात आणि जूनपासून ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या गाड्या बाहेर निघतात.

गाडी काढताना बॅटरी बघितली जाते, टायरची हवा बघितली जाते. मागच्या बेडखाली बसवलेली शंभर लिटरची पाण्याची टाकी मात्र कुणी बघत नाही. वरून पाइप लावायचा, टाकी भरायची आणि निघायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पाण्याने दात घासायचे.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. तेव्हापासून भाड्याच्या गाड्या आणि टेम्पो ट्रॅव्हलरवर हौसेने बांधून घेतलेल्या गाड्या, दोन्ही रस्त्यावर दिसू लागल्या. गाडी सजवायची कशी याचे व्हिडिओ पोत्याने सापडतात. टाकी धुवायची कशी, हे फारसं कुणी सांगत नाही.

चार महिन्यांत टाकीत होतं काय?

अमेरिका, युरोपात अशा गाड्या हिवाळ्यात बंद ठेवतात, कारण पाणी गोठून पाइप फुटतात. तिकडे पाइपमध्ये पाणी गोठू न देणारं द्रव्य भरतात आणि वसंतात सगळं धुऊन काढतात. आपल्याकडे गोठण्याचा प्रश्न नाही. आपला प्रश्न उलटा आहे, ऊब.

टाकी रिकामी केली तरी तळाशी तांब्या-दोन तांबे पाणी राहतंच. पाइपच्या वळणात, पंपात, शॉवरच्या नळीतही राहतं. नळाच्या पाण्यातला क्लोरीन काही दिवसांत उडून जातो. मग जिवाणू प्लास्टिकला चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात. टाकीच्या आतून बोट फिरवल्यावर लागतो तो बुळबुळीत थर म्हणजे हेच. शास्त्रज्ञ त्याला बायोफिल्म म्हणतात. नुसतं पाणी भरून ओतलं तर तो निघत नाही, उलट नवं पाणीही खराब करतो.

दूषित पाणी काय करू शकतं, हे पुणेकरांना नव्याने सांगायला नको. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड परिसरात गिया बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला होता आणि संशय पाण्यावर गेला होता. शॉवरचं पाणी आपण पीत नाही म्हणून ते निर्धोक, असंही नाही. लेजिओनेला नावाचा जिवाणू कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि तुषारांतून थेट फुप्फुसात जातो. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात जमलेल्या माजी सैनिकांमध्ये न्यूमोनियाची साथ आली, अनेकांचे जीव गेले, आणि त्यातूनच हा जिवाणू ओळखला गेला.

औषध किती घालायचं?

औषध जुनंच आहे, क्लोरीन. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक गावच्या टाकीत घालतो ती टीसीएल पावडर म्हणजे तेच. फक्त दोन प्रमाणांची गल्लत करू नका. पिण्याच्या पाण्यात नळापाशी लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असला तरी पुरतो. टाकी निर्जंतुक करायला लिटरमागे साधारण ५० मिलिग्रॅम लागतो. हे पाणी प्यायचं नसतं, ओतून द्यायचं असतं.

हिशेब सोपा आहे. बाटलीवर ५ टक्के लिहिलेलं सोडियम हायपोक्लोराइट असेल, तर एका लिटर पाण्याला १ मिलिलिटर. शंभर लिटरच्या टाकीला १०० मिलिलिटर, म्हणजे अर्धा कप. बाटलीवरची तारीख मात्र वाचा. हायपोक्लोराइट उन्हात आणि उकाड्यात झपाट्याने निष्प्रभ होतं, दुकानाच्या दारात वर्षभर उभ्या असलेल्या बाटलीचा काही भरवसा नाही. सुगंधी किंवा साबण मिसळलेलं ब्लीच तर नकोच.

पावडरच हाताशी असेल तर? ताज्या टीसीएलमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो, म्हणजे शंभर लिटरला १५ ग्रॅम. पण ती थेट टाकीत टाकू नका. तिच्यातला चुना तळाशी बसतो आणि पंपाची जाळी तुंबवतो. बादलीत कालवा, अर्धा तास निवळू द्या आणि फक्त वरचं पाणी वापरा.

आता प्रत्यक्ष काम

आधी गीझर बंद करा आणि टाकी, गीझर, पाइप सगळं तळाच्या व्हॉल्व्हमधून रिकामं करा. पाण्याचा फिल्टर किंवा आरओ असेल तर त्याची कँडल, मेंब्रेन काढून ठेवा. क्लोरीनने आरओची मेंब्रेन खराब होते. मग टाकी अर्धी भरा, बादलीत पातळ केलेलं औषध ओता आणि टाकी काठोकाठ भरा. काठोकाठ यासाठी, की थर टाकीच्या छतालाही धरलेला असतो.

यानंतरची पायरी बहुतेक जण विसरतात. प्रत्येक नळ उघडायचा, गरम आणि गार दोन्ही, आणि क्लोरीनचा वास येईपर्यंत चालू ठेवायचा. सिंक, शॉवर, फ्लश, गाडीबाहेरचा पाय धुवायचा नळ, एकही सुटता कामा नये. टाकी स्वच्छ आणि पाइप घाण, असं झालं तर मेहनत वाया गेली. मग गाडी गल्लीतून एक चक्कर मारून आणा, आतलं पाणी हिंदकळून सगळीकडे पोहोचतं. त्यासाठी खंबाटकीची वळणं घ्यायची गरज नाही.

रात्रभर राहू द्या. अगदीच घाई असेल तर निदान चार तास. सकाळी वास पूर्ण गेलेला असेल तर ती चांगली खूण नाही. सगळा क्लोरीन त्या थराने खाऊन टाकला असा त्याचा अर्थ. पुन्हा एकदा तेवढंच औषध घालावं लागेल.

हे करताना खिडक्या उघड्या, हातात मोजे. आणि टॉयलेट साफ करायचं ॲसिड किंवा व्हिनेगर यात चुकूनही मिसळू नका. क्लोरीन वायू तयार होतो, आणि कॅराव्हॅनची केबिन म्हणजे बंद डबाच. टाकीतले क्षार काढायला व्हिनेगर वापरायचंच असेल तर ते वेगळ्या दिवशी, मधे भरपूर पाणी सोडून.

धुतलेलं पाणी कुठे सोडायचं?

नीरेत नाही. शिरवळच्या पुढे हीच नदी वीर धरणात जाते, आणि माशांना अगदी थोडा क्लोरीनही सोसत नाही. शेताच्या बांधावर किंवा ओढ्यातही नको. पसरट टबात किंवा ड्रममध्ये एक-दोन दिवस उन्हात ठेवलं की क्लोरीन विरून जातो, मग गटारात सोडता येतं.

त्यानंतर टाकी साध्या पाण्याने दोन-तीनदा भरा, सगळे नळ चालवा, रिकामी करा. आता पाणी पिण्याजोगं झालं का, हे नाकाने ठरवू नका. खंडाळा तालुक्यातच, शिरवळपासून जवळ, लोणंदला माउलींच्या पालखीचा मुक्काम असतो. वारीच्या वाटेवर टँकरचं पाणी ओटी टेस्टने तपासतात, तीच तपासणी इथेही चालते. नळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे. फिकट पिवळा रंग आला तर ठीक, गडद पिवळा किंवा नारिंगी आला तर अजून धुवा. रंगच आला नाही तर पाण्यात क्लोरीन नाही, पिण्यासाठी मेडिक्लोरचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाका. तपासलेलं पाणी पिऊ नका, ओतून द्या.

शेवटी फिल्टरला नवी कँडल बसवा, आणि गीझर पाण्याने भरल्याची खात्री झाल्यावरच त्याचा स्विच लावा. रिकाम्या गीझरचा कॉइल काही मिनिटांत जळतो.