वत्सगुल्माला दोघेच

आसेगावहून न्याहारी आणि गोळ्या आटोपून सकाळीच वाशीमला निघा. पाचव्या शतकात हे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते. येथील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. बालाजी मंदिरात निवांत बसा. पद्मतीर्थावर, गुडघे कुरकुरत असतील तर, काठावरूनच दर्शन घ्यावे.

दुपारी रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी. रोडगा तुपात बुडवावा हा वऱ्हाडी आग्रह. मधुमेह असल्यास एकच दोघांत वाटून घ्या. मात्र जेवण लांबवू नका. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर उपाशीपोटी एकाएकी उतरते. घाम, थरथर दिसताच सोबत्याने तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी. पुडी पिशवीत वरच ठेवा.