तरंगंबाडीची ल्युथरन मंडळी : विश्वास आणि सेवाकार्य

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात समुद्रकाठी वसलेले आणि युरोपीय कागदपत्रांत ट्रांकेबार या नावाने येणारे तरंगंबाडी हे गाव १६२० पासून डेन्मार्कच्या व्यापारी कंपनीकडे होते. तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून मिळालेल्या या जागेबद्दल डॅनिश लोक दरसाल तंजावरच्या दरबारात रक्कम भरत, आणि नायकांचे राज्य संपून तेथे भोसल्यांची गादी आल्यावरही ही रीत चालू राहिली. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने पाठविलेले बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग आणि हाइनरिख प्ल्यूचाऊ हे दोन तरुण जर्मन पाळक ९ जुलै १७०६ रोजी येथे उतरले, तेव्हा भोवतालच्या मुलखावर व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजी यांचे राज्य होते. भारतातील पहिले प्रोटेस्टंट मिशन या दिवसापासून मोजले जाते. या मिशनातून उभी राहिलेली मंडळी आणि ११ ऑक्टोबर १७१८ रोजी उपासनेसाठी समर्पित झालेले तिचे न्यू जेरुसलेम चर्च आजही तेथे आहे.

ल्युथरन परंपरेच्या केंद्रस्थानी एकच प्रश्न आहे : पापी माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो? मार्टिन ल्यूथरने दिलेले उत्तर असे, की माणूस आपल्या पुण्यकर्मांनी, व्रतांनी किंवा दानधर्माने नीतिमान ठरत नाही, तर ख्रिस्ताने क्रुसावर केलेल्या कार्यामुळे देव त्याला केवळ कृपेने तसा ठरवतो आणि माणूस ती देणगी विश्वासाने स्वीकारतो. सत्कर्मांना येथे जागा नाही असा याचा अर्थ बरेचदा लावला जातो, पण तो चुकीचा आहे. सत्कर्मे ही तारणाची किंमत नसून त्याचे फळ आहे, आणि आपल्या तारणाच्या चिंतेतून सुटलेला माणूसच शेजाऱ्याची सेवा निर्हेतुकपणे करू शकतो, असा हा युक्तिवाद आहे. विश्वास ठेवणारा माणूस मरेपर्यंत एकाच वेळी नीतिमानही असतो आणि पापीही, ही ल्यूथरची भूमिका त्यातूनच निघते, आणि तिच्यामुळे ही परंपरा माणसाच्या नैतिक प्रगतीबद्दल फारशी भाबडी राहिलेली नाही.

या विचारांची अधिकृत मांडणी फिलिप मेलांख्थॉन याने लिहिलेल्या आणि २५ जून १५३० रोजी सम्राट पाचव्या चार्ल्ससमोर वाचल्या गेलेल्या आउग्सबुर्गच्या विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या जाहीर निवेदनात, २८ कलमांत केलेली आहे. त्यातील सातवे कलम मंडळीची व्याख्या करते, आणि ती आश्चर्य वाटावे इतकी आटोपशीर आहे : जेथे शुभवर्तमान शुद्ध स्वरूपात शिकवले जाते आणि पवित्र संस्कार यथायोग्य दिले जातात, तेथे जमलेले विश्वासणारे म्हणजे मंडळी. माणसांनी ठरवलेले विधी आणि चालीरीती सर्वत्र सारख्या असण्याची गरज नाही, असे तेच कलम पुढे सांगते. जर्मनीत घडलेली ही परंपरा तमिळ पेहरावात आणि तमिळ गाण्यांतून नांदू शकली, ती या मोकळिकीमुळे.

संस्कार म्हणजे देवाचे वचन पाणी, भाकर, द्राक्षारस अशा दृश्य वस्तूंशी जोडून दिले जाणे. ल्युथरन मंडळ्या बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोन संस्कार मानतात. कृपा ही माणसाच्या समजुतीवर अवलंबून नसल्याने लहान बालकांनाही बाप्तिस्मा दिला जातो. प्रभुभोजनात भाकर भाकरच राहते, तरी तिच्यासोबत ख्रिस्ताचे शरीर खरोखर दिले जाते, अशी शिकवण आहे, आणि तिच्यावर ल्यूथर किती ठाम होता हे १५२९ मध्ये मारबुर्ग येथे दिसले, कारण भाकर केवळ स्मरणचिन्ह आहे असे मानणाऱ्या झ्विंग्लीशी या एका मुद्द्यावर त्याचा समेट होऊ शकला नाही. पाळकाचे पद हे देवाने वचन आणि संस्कार पोचविण्यासाठी नेमलेले सेवापद असले, तरी पाळक इतरांपेक्षा देवाच्या अधिक जवळ असतो असे नव्हे. बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण याजक आहे, आणि चांभार, शेतकरी किंवा आई यांचे रोजचे कामही देवाने दिलेले पाचारणच होय.

विश्वास वचन ऐकण्यातून उत्पन्न होतो असे एकदा मानले, की ते वचन ऐकणाऱ्याच्या भाषेत असणे ही सोय राहत नाही, ती सिद्धान्ताची अट बनते. तरंगंबाडीच्या मंडळीचे सारे कार्य या एका सूत्राने समजते. त्सीगेनबाल्ग हाले येथील आउगुस्ट हेरमान फ्रांके याच्या वर्तुळातून आला होता, आणि शुद्ध सिद्धान्ताला वैयक्तिक भक्तीची, शाळेची व अनाथाश्रमाची जोड हवी, असा त्या वर्तुळाचा आग्रह होता. या विचारप्रवाहाला पिएटिझम असे म्हणतात. तरंगंबाडीला आल्याबरोबर त्सीगेनबाल्गने वाळूत अक्षरे गिरवणाऱ्या मुलांबरोबर बसून तमिळ शिकण्यास सुरुवात केली, मुलामुलींच्या शाळा काढल्या आणि ल्यूथरची लहान प्रश्नोत्तरी, म्हणजे घरोघर शिकवण्याचे १५२९ मधील पुस्तक, तमिळमध्ये आणले. लंडनच्या ख्रिस्ती ज्ञानप्रसारक संस्थेने छापखाना पाठवला, तमिळ खिळे हाले येथे ओतले गेले, ते मोठे पडल्याने जवळच्या पोरैयार येथे लहान खिळे तयार झाले, कागदाचा तुटवडा भासल्यावर कागदाचा कारखानाही निघाला, आणि १७१४-१५ मध्ये नवा करार तमिळमध्ये छापून झाला. भारतीय भाषेत छापला गेलेला हा पहिला नवा करार होय. (गोव्यातील जेझुइट छपाईत पुष्कळ आधीचे, फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले, पण रोमन लिपीत.)

शासनाशी या मिशनाचे संबंध सुरळीत नव्हते. डॅनिश सुभेदार हासिउस याने त्सीगेनबाल्गला चार महिने कैदेत ठेवले. व्यापाऱ्यांना धर्मांतरित लोकांविषयीची पाळकांची कळकळ गैरसोयीची वाटे, आणि १७०७ मध्ये बाप्तिस्मा घेणाऱ्या पहिल्या व्यक्ती डॅनिश घरांतील गुलाम होत्या हे लक्षात घेतले तर त्यात नवल नाही. दुसरा ताण मायदेशाशी होता. त्सीगेनबाल्गने १७१३ मध्ये दक्षिण भारतीय देवतांवर सविस्तर ग्रंथ लिहून पाठवला, तेव्हा हालेकरांना तो छापण्याजोगा वाटला नाही, कारण मिशनऱ्याने मूर्तिपूजा नाहीशी करावी, तिची माहिती युरोपात पसरवू नये, अशी त्यांची समजूत होती. तो ग्रंथ १८६७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्सीगेनबाल्ग १७१९ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी वारला आणि न्यू जेरुसलेम चर्चमध्येच त्याचे दफन झाले. सर्व विश्वासणारे याजक आहेत हे तत्त्व त्यानंतर एका महत्त्वाच्या पायरीला पोचले : १७३३ मध्ये आरोन या तमिळ उपदेशकाला पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि तो भारतातील पहिला देशी प्रोटेस्टंट पाळक ठरला.

मराठी वाचकाला या परंपरेचा सर्वांत जवळचा दुवा तंजावरात सापडतो. १७५० मध्ये तरंगंबाडीस आलेला क्रिस्टियन फ्रीडरिख श्वार्त्स पुढे इंग्रज मिशनाच्या सेवेत तंजावरला गेला, आणि तुळजाराजांनी १७८७ मध्ये मृत्यूपूर्वी आपला दत्तक पुत्र सरफोजी याला त्याच्या हवाली केले. वारसाहक्काच्या वादात श्वार्त्स या मुलाच्या पाठीशी उभा राहिला आणि त्याच्या शिक्षणाची काळजी त्याने घेतली, तरी सरफोजीराजे ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्यावरून त्यांच्या नात्यात अंतर आल्याचे दिसत नाही. श्वार्त्सच्या मृत्यूनंतर राजांनी फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून तंजावरच्या चर्चमध्ये बसवले. याच राजांनी १८०५ मध्ये काढलेल्या देवनागरी छापखान्यातून इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ बाहेर पडले.

या मंडळीची खरी परीक्षा मात्र छापखान्यात नसून प्रभुभोजनाच्या टेबलाशी झाली. चर्चमध्ये जातींनुसार वेगळे बसण्याची रीत आरंभापासून खपवून घेतली गेली होती. अँग्लिकन बिशप डॅनिएल विल्सन याने १८३३ मध्ये आपल्या मंडळ्यांतून जातिभेद पूर्णपणे हटवण्याचा आदेश दिला, तेव्हा तंजावरच्या ख्रिस्ती समाजात मोठी खळबळ उडाली, आणि श्वार्त्सचे शिष्य असलेले कवी वेदनायगम शास्त्री यांच्यासारख्या मान्यवरांनीही त्याला विरोध केला. पुढे डॅनिश मिशनाचा वारसा घेणाऱ्या लाइपझिग मिशनने, तिचा संचालक कार्ल ग्राऊल याच्या मार्गदर्शनाखाली, जात ही सामाजिक बाब आहे, ती शिकवणुकीने हळूहळू विरावी, असे धोरण ठेवले. देवाचे आध्यात्मिक आणि ऐहिक असे दोन राज्यकारभार असतात हा ल्यूथरचा विचार आणि सातव्या कलमातील विधींविषयीची मोकळीक यांचा येथे आडोसा घेतला गेला, असे म्हणावे लागते. कृपेपुढे कोणी लायक नाही आणि कोणी अधिक जवळ नाही असे शिकवणाऱ्या मंडळीत एकाच भाकरीसाठी दोन रांगा लागाव्यात, ही तिच्याच सिद्धान्ताच्या मापाने चूक होती.

१८४५ मध्ये डेन्मार्कने तरंगंबाडी आणि श्रीरामपूर ही ठाणी इंग्रजांना साडेबारा लाख रुपयांना विकली, पण मंडळी टिकली. पहिल्या महायुद्धात जर्मन मिशनऱ्यांना देश सोडावा लागल्यावर स्वीडिश मिशनने काम सांभाळले, १९१९ मध्ये तमिळ इव्हँजेलिकल ल्युथरन चर्च ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली, आणि १९५६ मध्ये राजा मणिकम् हे तिचे पहिले भारतीय बिशप झाले. १९४७ मध्ये दक्षिण भारतातील अँग्लिकन, मेथडिस्ट आणि इतर मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ साऊथ इंडिया झाले, त्यात ल्युथरन सामील झाले नाहीत. प्रभुभोजनासह इतर सिद्धान्तांवर दोन्ही बाजूंची बोलणी पुढे अनेक वर्षे चालली. महाराष्ट्रातील प्रोटेस्टंट मंडळ्या मुख्यतः अमेरिकन मराठी मिशन आणि अँग्लिकन मिशने यांतून वाढल्यामुळे ही परंपरा येथे फारशी परिचित नाही. तमिळ संस्थेचे मुख्य कार्यालय आता तिरुचिरापल्लीला असले, तरी तिच्या प्रमुखाची पदवी आजही ‘तरंगंबाडीचे बिशप’ अशीच आहे.