कुलूपबंद घराचं वीजबिल

बीड जिल्ह्यातली हजारो ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. घराला कुलूप, मीटर ठप्प. तरी बिल येतंच. महावितरणच्या सिंगल फेज घरगुती जोडणीला महिन्याला सुमारे 130 रुपये स्थिर आकार आणि त्यावर 16 टक्के वीज शुल्क लागतं. म्हणजे सहा महिन्यांत एकही दिवा न लावता नऊशे रुपये! श्रावणबाळ योजनेच्या 1500 रुपयांवर जगणाऱ्या म्हातारीला युनिटचा दर नव्हे, हा आकडा जास्त बोचतो. दारिद्र्यरेषेखालील ग्राहकांसाठी स्वस्त दर आहे, पण त्याची मर्यादा वर्षाला 360, म्हणजे महिन्याला सरासरी 30 युनिटांची. 75 वॉटचा पंखा रोज चौदा तास फिरला की एवढी वीज एकटा तोच खातो. बीडच्या मे महिन्यात तो बंद ठेवायचा तरी कसा?

तारा आणि मीटर सांभाळायचा खर्च घर बंद असतानाही होतो, हा आक्षेप खराच आहे. पण तो गरिबाकडूनच घ्यावा असं कुठं आहे? वीज कायदा 2003 च्या कलम 65 नुसार राज्य सरकार ग्राहकांना सवलत देऊ शकतं, फक्त तिची रक्कम कंपनीला आगाऊ द्यावी लागते. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल एप्रिल 2024 पासून सरकारच भरतं. छतावरच्या सौर संचाला केंद्राचं 78 हजारांपर्यंत अनुदान आहे, पण गळक्या पत्र्यावर संच बसवणार कोण? तेव्हा कमी वापराच्या घरांना आधी स्थिर आकार माफ करावा. दरकपात मागाहून आली तरी चालेल.