माळेचा नेम, कुलपाचा नेम

नवरात्र सरत येते, खंडेनवमी उजाडते आणि कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एरवी न अनुभवास येणारी शांतता पसरते. लेथ, ड्रिल, प्रेस पुसून लख्ख होतात. हळदकुंकू वाहिले जाते, झेंडूची माळ चढते, नारळ फुटतो. शिरोलीच्या फौंड्र्यांतही हाच सोहळा. पूजलेले यंत्र त्या दिवशी चालवावयाचे नाही, हे कोणास सांगावे लागत नाही. माळ घातलेल्या यंत्राची कळ दाबण्यास कोणाचा हात धजत नाही.

हीच मर्यादा इतर दिवशी, यंत्र दुरुस्तीस उघडले असता, आपण पाळतो काय? फौंड्रीत वाळू कालवणारे मिक्सर साफ करण्यास एखादा कामगार आत उतरतो. पलीकडच्यास ते ठाऊक नसते. तो कळ दाबतो. वैर कोणाचेच नसते, पण क्षणात एका घराचा आधार जातो.

नुसती कळ बंद केल्यानेही भागत नाही. वीज तोडल्यावरही जड चक्र काही काळ फिरतच राहते. नळीत हवेचा दाब कोंडलेला असतो. वर उचललेला प्रेसचा भाग स्वतःच्या भाराने खाली येऊ शकतो. यंत्र निजलेले दिसते, शक्ती मात्र जागी असते.

यास्तव जाणते कारागीर एक क्रम पाळतात. सोबत्यांस सांगून मेन स्विच बंद करावा, त्यास स्वतःचे कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी, नावाची पाटी अडकवावी. कोंडलेला दाब सोडावा, उचललेल्या भागास भक्कम टेकू द्यावा, चक्र थांबू द्यावे. मग चालू करण्याची कळ दाबून यंत्र खरोखर निर्जीव आहे याची खात्री करावी आणि ती कळ पुन्हा बंद करावी. चौघे काम करीत असतील तर कुलपेही चार. ज्याचे त्यानेच काढावे.

ही केवळ आमची सूचना नव्हे. चुकून चालू होऊ शकणारी कळ बंद स्थितीतच कुलूपबंद करण्याची सोय कारखान्यात असावी, अशी तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमात १९७६ साली घालण्यात आली होती.

घरीही आपण मिक्सरला, पंपाला हळदकुंकू वाहतो. त्याच्या पात्यास हात लावण्यापूर्वी प्लग काढणे, हाही त्याच पूजेचा भाग मानावा.

खंडेनवमीस यंत्राची राखण श्रद्धा करते; उरलेले वर्षभर ती कुलपाने करावी. यंदा पूजेच्या ताटात हत्यारांशेजारी एक कुलूप व किल्लीही ठेवावी. विजयादशमीचे सोने वाटण्यास घरचा माणूस धडधाकट परतावा, याहून मोठे सोने कोणते?