वकिलाची कन्या, वारल्यांची बाई

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे कालपरवापर्यंतच्या अहमदनगर जिल्ह्यात, राहणाऱ्या माणसास कर्तबगार स्त्रीचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. १५९५-९६ च्या मोगली वेढ्यात नगरचा किल्ला लढविणारी चांदबिबी आमच्या मुलांस शाळेच्या पुस्तकातच भेटते. आणि जामखेड तालुक्यातील चौंडी हे ज्यांचे जन्मग्राम, त्या पुण्यश्लोक अहिल्याबाईंचे नाव तर २०२४ साली साऱ्या जिल्ह्यासच मिळाले. या दोघींविषयी आम्हांस अभिमान वाटतो आणि तो रास्तच आहे. तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. दोघींच्या हाती सत्ता आली ती घराण्याच्या वाटेने. एक निजामशाहीची राजकन्या, दुसरी होळकरांची सून. आता राजघराणी मागे पडली आहेत आणि राज्यकारभारात शिरण्याची वाट राजकीय पक्षाच्या कचेरीतून जाते. ज्या स्त्रीच्या पाठीशी सासऱ्याची गादी नाही, पित्याचा मतदारसंघ नाही, तिला या वाटेने चालावयाचे झाल्यास काय मोजावे लागते? या प्रश्नाचे उत्तर एका स्त्रीच्या चरित्रात जितके स्पष्ट सापडते तितके क्वचितच अन्यत्र सापडेल. ती स्त्री म्हणजे गोदावरी परुळेकर. आप्तेष्टांची व सहकाऱ्यांची गोदूताई.

गोदूताईंचा जन्म १४ ऑगस्ट १९०७ रोजी पुण्यास गोखले कुटुंबात झाला. वडील लक्ष्मणराव हे नामांकित वकील, नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या आप्तांपैकी. घरी विद्या होती, प्रतिष्ठा होती, सुबत्ता होती. मुलीस फर्ग्युसन कॉलेजात घालण्याइतके घर पुढारलेले होते. तेथे अर्थशास्त्र व राज्यशास्त्र यांचा अभ्यास करून त्या कायद्याकडे वळल्या, आणि महाराष्ट्रातील अगदी पहिल्या स्त्री कायदा-पदवीधरांत त्यांची गणना झाली. येथपर्यंतची हकीगत कोणत्याही सुशिक्षित घरात कौतुकाने सांगितली जाईल अशीच आहे.

परंतु शिक्षण ही वस्तू अशी आहे की ती मुलीच्या हाती दिल्यावर तिने तिचे काय करावे, हे ठरविण्याचा अधिकार आईबापांकडे फार दिवस राहत नाही. कायदेभंगाच्या चळवळीत गोदूताईंनी भाग घेतला आणि १९३२ साली त्या तुरुंगात गेल्या. वडिलांस हे मानवले नाही. कन्येची पदवी त्यांस प्रिय होती, पण त्या पदवीने तिला नेऊन सोडलेली जागा प्रिय नव्हती. अखेर गोदूताईंनी घर सोडले व मुंबईची वाट धरली. यात लक्ष्मणरावांस दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण वाचकांपैकी ज्यांच्या घरी वीस-बावीस वर्षांची शिकलेली मुलगी आहे, त्यांनी क्षणभर स्वतःच्या मनात डोकावून पाहावे. मुलगी सनद घेऊन आली तर आपण गल्लीभर पेढे वाटू. तीच मुलगी उद्या एखाद्या पक्षाचे सभासदत्व घेऊन आली तर आपण तिला काय म्हणू?

मुंबईस गोदूताई भारत सेवक समाजाच्या कार्यास लागल्या. ही संस्था नामदार गोखल्यांनी १९०५ साली पुण्यास स्थापिली. अल्प वेतनावर जन्मभर देशसेवा करण्याचे व्रत घेतलेल्या माणसांची ही संस्था. तिच्या आजीव सभासदांत पहिली स्त्री म्हणून गोदूताईंचा समावेश झाला. त्यांनी साक्षरताप्रसाराच्या मोहिमेत भाग घेतला. आणि १९३८ च्या सुमारास एक असे काम हाती घेतले की जे आमच्यासारख्यांच्या थेट स्वयंपाकघरापर्यंत पोचत होते. ते म्हणजे घरकाम करणाऱ्या नोकरांची संघटना. धुणीभांडी करणाऱ्या बाईस ठरलेला पगार असावा, सुटी असावी, ही गोष्ट आज ऐकावयास साधी वाटते. पण आजही किती घरांत ती पाळली जाते, याचे उत्तर प्रत्येक गृहिणीने स्वतःशीच द्यावे. दूरच्या अन्यायाविरुद्ध बोलणे सोपे असते; आपल्याच मोरीवर बसलेल्या बाईचा हिशेब मांडणे जड जाते.

याच सुमारास कल्याण व मुरबाड या भागांतील शेतकऱ्यांतही त्यांचे काम सुरू झाले. आमच्या जिल्ह्याच्या वाचकांस हा मुलूख परका नाही. अकोले तालुक्यातील हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभे राहून खाली पाहिले असता जो प्रदेश दिसतो, तोच हा मुरबाड तालुका. या कामात त्यांचे सहकारी होते भारत सेवक समाजाचेच शामराव परुळेकर. शामराव १९३७ साली डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेवर निवडून आले होते, आणि १९३८ साली हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेस जाऊन आले होते.

जिनीव्हाचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. स्वित्झर्लंड हा लोकशाहीचा जुना देश म्हणून आपण ऐकत आलो आहोत. परंतु शामराव तेथे गेले त्या वेळी त्या देशातील स्त्रीस राष्ट्रीय निवडणुकीत मत नव्हते. ते तिला ७ फेब्रुवारी १९७१ च्या लोकमतानंतर मिळाले. तेथील सातजणांच्या मध्यवर्ती मंत्रिमंडळात पहिली स्त्री, एलिझाबेथ कोप, ही १९८४ साली आली. उलट मुंबई इलाख्यात मालमत्तेच्या अटीवर का होईना, स्त्रियांस कौन्सिलसाठी मताचा हक्क १९२१ मध्येच मिळाला. ॲनी बेझंट १९१७ साली व सरोजिनी नायडू १९२५ साली काँग्रेसच्या अध्यक्षस्थानी बसल्या. तेव्हा कायद्याचा दरवाजा आमच्याकडे लवकर उघडला हे खरे. पण मत मिळणे निराळे, अध्यक्षपदाचा मान मिळणे निराळे, आणि पक्षाचे रोजचे, धुळीतले, पायपिटीचे काम एका स्त्रीने स्वतःच्या नावावर उभे करणे निराळे. गोदूताईंचा मार्ग हा तिसरा होता.

१९३९ साली त्यांचा शामरावांशी विवाह झाला. त्याच वर्षी भारत सेवक समाजाशी त्यांचे नाते तुटले आणि उभयतांनी कम्युनिस्ट पक्षात प्रवेश केला. सनदशीर सुधारणेवर विश्वास ठेवणारी संस्था आणि शेतकरी-मजुरांचा लढा हाच मार्ग मानणारे हे जोडपे, यांचे जुळणे शक्यच नव्हते. सात-आठ वर्षांत घर आणि संस्था ही दोन्ही माहेरे गोदूताईंस अंतरली. युद्धविरोधी प्रचाराबद्दल १९४० ते १९४२ त्यांनी तुरुंगात काढली.

येथे एक गोष्ट न लपविता सांगणे प्राप्त आहे. १९४२ च्या ऑगस्टात जेव्हा नेहरू, पटेल, आझाद प्रभृती पुढारी आमच्या नगरच्या किल्ल्यात बंदिवान झाले, तेव्हा गोदूताईंचा पक्ष ‘छोडो भारत’ चळवळीपासून दूर राहिला. रशियावर हल्ला झाल्यानंतर त्या पक्षाने युद्धास लोकयुद्ध मानले होते. हा निर्णय पुष्कळांस तेव्हा रुचला नाही, आजही रुचत नाही. पक्षात शिरणाऱ्या माणसास पक्षाच्या पुण्याबरोबर पक्षाचे अपश्रेयही डोक्यावर घ्यावे लागते. त्यातून स्त्रीस सवलत नाही, आणि गोदूताईंनी ती मागितलीही नाही.

त्यांच्या आयुष्यातील खरा अध्याय ७ जानेवारी १९४५ रोजी ठाणे जिल्ह्यातील टिटवाळ्यास सुरू झाला. तेथे महाराष्ट्रातील किसान सभेची परिषद भरली होती आणि तिची उभारणी करणाऱ्यांत गोदूताई अग्रभागी होत्या. डहाणू-उंबरगावकडून आलेल्या वारल्यांपैकी माह्या धांगडा हा व्यासपीठावरून बोलला, आणि त्याच्या तोंडून शहरी माणसांस वारल्यांच्या जिण्याची ओळख झाली. जमीनदाराच्या शेतावर बिनमोबदला राबण्याची वेठ होती. लग्नासाठी काढलेल्या थोड्याशा कर्जापायी नवराबायकोने वर्षानुवर्षे सावकाराच्या दारी गुलामासारखे राहण्याची ‘लग्नगडी’ची चाल होती. मारहाण नित्याची होती आणि बायकांची अब्रू सुरक्षित नव्हती. सरकारला याची वार्ता नव्हती असे मुळीच नाही. सिमिंग्टन या अधिकाऱ्याचा अहवाल १९३९ मध्येच छापून झाला होता. अहवाल कपाटात होता आणि वारली वेठीवर होता.

२३ मे १९४५ रोजी उंबरगाव तालुक्यातील झरी गावी सुमारे पाच हजार वारली जमले. वेठ करावयाची नाही आणि रोजी बारा आणे मिळाल्याखेरीज जमीनदाराच्या शेतात पाऊल टाकावयाचे नाही, असा त्यांनी ठराव केला. वकिलाच्या मुलीने त्यांस काय शिकविले, असा प्रश्न कोणी विचारील. तिने आधी स्वतः शिकून घेतले. पाड्यापाड्यांवर पायी हिंडावे, झोपडीत भुईवर निजावे, पुढे येईल ते खावे, त्यांची बोली समजून घ्यावी. पुण्याच्या सुखवस्तू घरात वाढलेल्या देहास हे सोपे गेले नसेल. पण ज्यांच्यासाठी बोलावयाचे, त्यांच्यात राहिल्यावाचून बोलू नये, हा नियम त्यांनी पाळला. वारली त्यांस ‘बाई’ म्हणत, ‘गोदाराणी’ही म्हणत.

या नावाचा मान किती जड होता हे ऑक्टोबर १९४५ मध्ये दिसून आले. गवतकापणीच्या मजुरीचा संप चालू होता. पाचशे पौंड गवतास अडीच रुपये ही मागणी होती. बाई तलवाड्यास येणार आहेत व त्यांच्या जिवास धोका आहे, अशी खोटी हूल विरोधकांनी उठविली. बाईंच्या रक्षणासाठी वारली हातात सापडेल ते घेऊन रात्री धावत आले. तिकडे पोलिसांस सांगण्यात आले की सशस्त्र जमाव चालून येत आहे. गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड याच्यासह पाचजण मृत्यू पावले. ज्यांच्यासाठी ते आले, त्या गोदूताई तेथे नव्हत्याच. आपल्या नावाखातर पाच माणसे गेली, हे ओझे मनावर वागवीत त्यांनी पुढे काम केले असले पाहिजे. पुढाऱ्याचे नाव म्हणजे फलकावर लिहिण्याची वस्तू नव्हे, ते कोणाच्या तरी जिवावर चढविलेले कर्ज असते, हे तलवाड्याने दाखविले. तरीही संप मोडला नाही. मजुरी वाढली, वेठ गेली, लग्नगडी सुटले.

१९४६ साली काँग्रेसचे मंत्रिमंडळ असता परुळेकर पतिपत्नींस ठाणे जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले. परकीय सरकारने तुरुंगात घातले आणि स्वकीयांनी सीमेबाहेर काढले. स्वातंत्र्यानंतरही तुरुंग चुकला नाही. १९५७ साली शामराव ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले. चीनच्या आक्रमणानंतरच्या धरपकडीत दोघेही पुन्हा बंदिवान झाले, आणि ३ ऑगस्ट १९६५ रोजी शामराव कैदेतच वारले. पतीच्या अखेरच्या वेळी गोदूताईही स्थानबद्धच होत्या. ‘बंदिवासाची आठ वर्षे’ या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच त्या तुरुंगवासाचा हिशेब आहे.

सुटून आल्यावर, साठीच्या उंबरठ्यावरची विधवा स्त्री, त्या पुन्हा आदिवासींतच गेल्या. १९७० साली ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे वारल्यांच्या लढ्याचे कथन त्यांनी प्रसिद्ध केले आणि १९७२ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पक्ष १९६४ मध्ये फुटला, तेव्हा त्या मार्क्सवादी पक्षाबरोबर राहिल्या. अखिल भारतीय किसान सभा १९३६ साली स्थापन झाली होती. १९८६ साली, बरोबर पन्नास वर्षांनी, तिच्या अध्यक्षपदी प्रथमच एक स्त्री बसली, आणि ती गोदूताई. वय एकोणऐंशीच्या घरात. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांचे निधन झाले. आजच्या पालघर जिल्ह्यात तलासरी येथे त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. ज्यांच्या आजा-पणजांनी वेठ केली, त्यांची मुले त्या इमारतीत वह्या घेऊन बसतात.

त्यांचे सर्व विचार पटले पाहिजेत असे नाही. या मासिकाच्या वाचकांपैकी पुष्कळांस ते पटणार नाहीत, आणि त्यांचा पक्ष तर अनेकांस अगदीच दूरचा वाटेल. पण पक्ष कोणताही असो, स्त्रीस त्यात मानाची खुर्ची देणे आणि कामाची जागा देणे यांत अंतर आहे. आज पंचायतीत स्त्रियांसाठी जागा राखून ठेवलेल्या आहेत; महाराष्ट्रात त्या निम्म्या आहेत. तरी पुष्कळ ठिकाणी खुर्चीवर बाई आणि कारभारावर तिचा यजमान, हा देखावा आम्ही पाहतो. खुर्ची कायद्याने मिळते. तिच्यात बसणारीस बळ मिळते ते तिने आधी चाललेल्या वाटेचे. आणि त्या वाटेवर पहिले पाऊल टाकावयाचे असते ते आपल्याच घराच्या उंबरठ्यावरून.

२६ एप्रिल २०२३ रोजी आमच्याच जिल्ह्यात अकोल्याहून किसान सभेचा मोर्चा भर उन्हात लोणीच्या दिशेने निघाला. दुसऱ्याच दिवशी मंत्र्यांशी वाटाघाट होऊन तो थांबला. त्यात लुगडी नेसलेल्या, डोईवर पदर घेतलेल्या, डोंगराकडच्या पुष्कळ स्त्रिया होत्या. त्यांतील कितींस गोदूताईंचे नाव ठाऊक असेल, सांगता येत नाही. पण स्त्रीने रस्त्यावर उतरून हक्क मागावा यात त्यांच्या घरच्यांस काही विपरीत वाटले नाही. गोदूताईंच्या घरच्यांस १९३२ साली ते विपरीत वाटले होते. आपल्या घरी ही वेळ आली तर आपणांस काय वाटेल, हे शिकलेल्या मुलीच्या आईबापांनी आजच स्वतःस विचारून ठेवावे. वेळ आल्यावर विचार करण्यास सवड मिळत नाही.