पाळी जाताना मन का बिघडतं?

मागं गटाच्या बैठकीत पन्नास रुपयांच्या हिशेबावरून एक ताई सगळ्यांवर ओरडल्या आणि मग पदर तोंडाला लावून रडल्या. वय सत्तेचाळीस. "मला काय होतंय तेच कळंना," म्हणाल्या. रात्री अंगातून वाफा निघतात, घामानं झोप मोडते, सकाळी सुनेचा साधा शब्दही टोचतो. घरात कुणी म्हणे बाहेरचं झालंय, कुणी म्हणे नाटकं.

यातलं काहीच नव्हतं. पाळी जायच्या आधी काही वर्षं अंडाशयातलं इस्ट्रोजेन वरखाली होतं, मग कमी होतं. झोप, अंगाची उष्णता, मनाचा तोल, सगळ्यांशी त्याचा संबंध असतो.

आपल्या मराठवाड्यात आणखी एक दुखणं आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात सुमारे ८२ हजार ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पिशवीसोबत अंडाशयही काढलं, तर हा बदल तिशीतच एकदम अंगावर येतो. म्हणून पिशवी काढायला सांगितली की दुसऱ्या डॉक्टरला विचाराच.

योगाचा उपयोग होतो का? बंगळूरच्या संशोधकांनी १२० बायांवर प्रयोग केला, तो २००८ मध्ये छापून आला. निम्म्या जणींनी ८ आठवडे सूर्यनमस्कार, श्वसन आणि ध्यान केलं, बाकीच्यांनी साधा व्यायाम. योग करणाऱ्यांचा ताण जास्त उतरला. पुढं अमेरिकेतल्या एका प्रयोगात वाफा काही कमी झाल्या नाहीत, पण झोप सुधारली. तेव्हा वाफा थांबतील असं मी छातीठोक सांगणार नाही. झोप लागली तरी निम्मी चिडचिड जाते, हा माझा अनुभव.

आम्ही हप्ते गोळा करायच्या आधी वीस मिनिटं बसतो. आधी मान-खांदे मोकळे करायचे, मग भ्रामरी. डोळे मिटून श्वास घ्यायचा आणि सोडताना भुंग्यासारखा आवाज लांबवायचा. सोडलेला श्वास लांबला की काळजाची धडधड संथ होते. पहिल्या दिवशी सगळ्या हसल्या, हसू द्या. शेवटी शवासन. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा. बीपी असेल तर श्वास कोंडू नका.

पाळी वर्षभर बंद राहून परत रक्त गेलं, तर योग करत बसू नका, दवाखाना गाठा. आणि जीव नकोसा वाटला तर १४४१६ लावा. टेलिमानसचा हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.